आठ टाचण्या

दि. ४ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

मी इथे सुखरूप आहे. खोली कोरडी आहे, पाणी सकाळी सहा ते आठ येतं, आणि घरमालकीण कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघते, अगदी तुझ्यासारखी. तुझा गुडघा कसा आहे? बाबांचा खोकला? दादाच्या दुकानात गिऱ्हाईक वाढलं का?

तुझा फोन पंधरा दिवस लागत नाही. दादा म्हणाला, दुरुस्तीला दिलाय. म्हणून पत्र लिहायला बसले.

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवत असतील. वहिनी, तुम्हालाही नमस्कार. जरा सावकाश वाचा, कारण आमच्या आत्याची ऐकण्याची एक रीत आहे. ती हातात अस्तराची चिंधी घेते आणि वाचणारा एकेक गोष्ट सांगेल तशी एकेक टाचणी तिच्यात खोचते. वाचून झालं की उलटतपासणी. एकेक टाचणी काढत विचारणार, यात काय होतं? मी दुसरीत असताना शाळेची सूचना वाचून दाखवली होती. सात टाचण्या झाल्या. पाचवीतलं मला आठवेना, तर म्हणाली, "म्हणजे पाचवं कापड बेतायचं राहिलं. पुन्हा वाच." शाळेत मला कुणी एवढं रगडलं नाही. मी बीए झाले त्यात त्या चिंध्यांचा वाटा निम्मा तरी आहे. तेव्हा वहिनी, एखादी ओळ गाळाल तर सापडाल.

आता नोकरीचं. आमचं ज्येष्ठ मदत केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे. ज्यांच्यासाठी ते काढलंय त्यांना जिना चढवत नाही, त्यामुळे ते बहुतेक फोनच करतात. तीन टेबलं, दोन फोन. मोठ्या मॅडम आहेत, त्या कमी बोलतात. माझ्या शेजारच्या टेबलावर कोर्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसतात. त्यांना सगळे शिरस्तेदार म्हणतात. पगार घेत नाहीत, पण चहा गार मिळाला तर अर्धा तास ऐकवतात.

गेल्या महिन्यात एका निवृत्त मास्तरांचा फोन आला, न्हाणीघरातून, घरातल्या दुसऱ्या फोनवरून, कुजबुजत. त्यांना दोन दिवसांपूर्वी फोनच्या पडद्यावर एक गणवेशातला माणूस दिसला. म्हणाला, तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्ही घरातल्या घरात अटकेत आहात, फोनसमोरून हलायचं नाही. मास्तर दोन दिवस खुर्चीत बसून राहिले. दार उघडं होतं, शेजारी माणसं होती. दूध उतू जायला लागलं तेव्हा त्यांनी त्या चोराला विचारलं, "साहेब, गॅस बंद करून येऊ का?"

मी म्हटलं, "मास्तर, तो फोन बंद करा. आत्ता."

ते म्हणाले, "ते रागावतील."

आयुष्यभर पोरांना बाकावर उभं केलेला माणूस. मी त्यांच्याशी पाऊण तास बोलत राहिले, तोवर शिरस्तेदारांनी दुसऱ्या फोनवरून त्यांच्या शेजाऱ्याला गाठलं. पैसे वाचले. पण मास्तर अजून रोज फोन करून विचारतात, "नक्की सुटलो ना मी?"

आत्या, हे काम करताना मला वाटतं की शिकल्याचं काहीतरी चीज झालं. आम्ही एक पत्रक छापलंय, मजकूर मी लिहिलाय. दोन प्रती सोबत ठेवते. गेल्या आठवड्यात निवृत्तांच्या सभागृहात माझं भाषणही झालं. शंभरेक म्हातारी माणसं होती. मी सांगितलं, कुठलाही कागद विश्वासातल्या माणसाकडून पूर्ण वाचून घेतल्याशिवाय त्यावर सही किंवा अंगठा देऊ नका. मागच्या रांगेतले एक आजोबा उठले आणि म्हणाले, "आणि वाचणाराच लबाड निघाला तर?" सगळे हसले. मीही हसले. काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही.

जूनमधल्या कचेरीच्या कामानंतर दादाचं कर्ज मंजूर झालं हे तू मागे सांगितलंस. बरं झालं.

थंडीत गुडघ्याला गरम कापड बांध. घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

तुझी,
बीए


दि. २ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी घरच्या पत्त्यावर न टाकता खाली चष्म्याच्या दुकानात पाठवते आहे. चष्मेवाल्या काकू, तुम्हाला तसदी देते, रागावू नका. आत्याचा चष्मा सैल झालाय असं वर सांगून तिला बोलवा आणि हे तिला वाचून दाखवा. दुकानात गिऱ्हाईक असेल तर ते जाईपर्यंत थांबा.

आत्या, शनिवारी मी न कळवता आले, कारण फोन लागत नव्हता आणि पत्राला उत्तर नव्हतं. जिना चढून आले तर दाराला बाहेरून कडी. मला वाटलं घरात कुणी नाही. मी परत फिरणार तेवढ्यात आतून तुझा आवाज आला, "कोण आहे ते? कडी काढून आत या, मला काढता येत नाही."

मी कडी काढली. तू हसत उभी होतीस. म्हणालीस, "घाबरू नकोस. तुरुंग नाही हा, फक्त कडी बाहेरून आहे."

तुझी मशीन पुढच्या खोलीत खिडकीपाशी असायची. ती मला न्हाणीघराकडच्या बोळात सापडली, तिच्यावर अंथरुणांच्या घड्या ठेवलेल्या. पुढची खोली रिकामी होती. फरशीवर तुझ्याच खडूने रेघा मारलेल्या होत्या. मी विचारलं, हे कशाचं माप? तू म्हणालीस, "दलाल आला होता. टेप विसरला होता बिचारा, मग मीच दिली माझी."

आणि दाराच्या आतल्या बाजूला माझं पत्रक चिकटवलेलं होतं. चारी कोपरे नीट, चिकटपट्टी लावून. अनोळखी फोन घेऊ नका. पासबुक आणि कार्ड विश्वासातल्या व्यक्तीकडे सुरक्षित ठेवा. त्या ओळीखाली निळ्या पेनाने रेघ होती.

दादा आला तेव्हा मी विचारलं, हिचा फोन कुठाय? तो म्हणाला, "माझ्या कपाटात. पासबुकही तिथेच. तूच लिहिलंयस ना पत्रकात? मी शब्द न् शब्द पाळलाय. बघ, तिचा एक रुपया कुठे गेला नाही."

"आणि कडी?"

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "मला काय हौस आहे का कड्या लावायची? परवा गॅस चालू ठेवून खाली गेल्या होत्या. काही झालं असतं तर तुम्हीच आला असता मला विचारायला, बीए बाई."

रोज फोनवर परक्यांना मी हेच सांगते, म्हाताऱ्या माणसांवर लक्ष ठेवा. माझेच शब्द आत्या, तुझ्या दाराला आतून चिकटवलेले, आणि बाहेरून कडी.

मग तुला ठाऊकच आहे. दोघं खाली गेली आणि तू उशीखालून ती चिंधी काढलीस. अस्तराची, फिकट निळी. तू माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "मोज."

मी मोजल्या. आठ.

"कचेरीतला कारकून काय म्हणाला होता? नऊ मुद्दे आहेत, बाईंना सगळे वाचून दाखवा. मी अंगठाछाप असेन, बहिरी नाही."

मी म्हटलं, "चुकला असेल गं तो. दिवसभर कागद बघून बघून त्यांना नऊ काय नि आठ काय."

तू चिंधी माझ्या हातातून घेतलीस. "असेल," म्हणालीस. आणि मग, "मला वाटलं एक तू राखून ठेवलास. घरी आल्यावर निवांत सांगशील. मग जून गेला, दिवस गेले. म्हटलं, पोरगी कामात असेल."

चिंधी परत उशीखाली गेली आणि तू मला चहा विचारलास.

निघताना जिन्यात बाबा भेटले. माझ्या हातात पिशवी देत म्हणाले, "फेब्रुवारीअखेर घराचा व्यवहार होतोय. आत्याला चांगल्या ठिकाणी ठेवणार आहोत, तिथे डॉक्टर असतो, वेळेवर जेवण असतं. तिला अजून सांगितलं नाही. तू मध्ये पडू नकोस." दोन पायऱ्या उतरून मी वळले तर म्हणाले, "आणि पुढच्या वेळी कळवून येत जा."

आत्या, दलाल का आला, आता तुला कळलं. हे तुला घरातल्या कुणी सांगायला हवं होतं. चष्म्याच्या दुकानात, परक्याच्या तोंडून ऐकायला लागतंय. काकू, तुम्हीही माफ करा.

आणखी एक. कारकून चुकला नव्हता.

यापुढचं लिहायला घेतलं आणि तीन कागद फाडले. चौथा हाच. टपाल निघायच्या आत हा टाकते, नाहीतर हाही फाडीन.

काळजी घे असं लिहिणार होते. कशी घेशील, ते मला कळत नाही.

तुझी,
बीए


दि. १० फेब्रुवारी

आत्या,

काकू, हे पत्र मोठं आहे. तिला आधी बसवा. सोबत दुसरा एक कागद आहे, तो बाजूला ठेवा. त्याचं पत्रात पुढे येईल.

जूनमध्ये आपण चौघं नोंदणी कचेरीत गेलो होतो. तू, बाबा, दादा आणि मी. मी मुद्दाम रजा काढून आले होते, कारण तू म्हणाली होतीस, "कागद बीए वाचेल, दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही." घर दादाच्या नावावर होणार हे तुला माहीत होतं. नावावर असल्याशिवाय बँक त्याला दुकानासाठी कर्ज देत नव्हती, आणि तू म्हणालीस, "नावाचं काय, नाव काय मी बरोबर नेणार आहे? मला माझी खिडकी आणि मशीन पुरे." हे तू सगळ्यांसमोर म्हणालीस. बाबांनी मान हलवली. दादाने तुझ्या खांद्यावर हात ठेवला.

आपला नंबर यायला वेळ होता. तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा बाबांनी मला बाकावर जवळ बोलावलं. म्हणाले, "सातवा मुद्दा वाचू नकोस. वकिलाच्या भाषेत लिहिलाय, ती उगाच घाबरेल. तसं आपण करणार आहोत का?" मी सातवा मुद्दा वाचला. माझ्यापुरता. मग तू आलीस, चिंधी काढलीस, आणि मी मोठ्याने वाचायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग पान उलटायचं निमित्त झालं. मग आठ, नऊ. आवाज कुठे अडखळला नाही. तुझ्याच हाताखाली तयार झालेला आवाज तो.

आता सातवा मुद्दा. त्यात लिहिलंय: "लिहून देणार हिचा सदर जागेवर यापुढे राहण्याचा अथवा इतर कोणताही हक्क उरणार नाही, आणि लिहून घेणार सांगेल तेव्हा ती जागा विनातक्रार मोकळी करून देईल." काकू, ही ओळ तिला पुन्हा वाचून दाखवा. लिहून देणार म्हणजे आत्या, तू. लिहून घेणार म्हणजे दादा. तो सांगेल तेव्हा तू घर सोडायचं, असा त्याचा अर्थ. मला तो अर्थ बाकावरच कळला होता. मला वकिलाची भाषा समजते, तू मला तेवढं शिकवलं आहेस.

कागदाच्या शेवटी एक ओळ असते. वरील मजकूर वाचून दाखवला व समजावून सांगितला. त्याखाली माझी सही आहे. चांगली वळणदार.

का केलं, ते मी सात महिने स्वतःला निरनिराळ्या तऱ्हेने सांगत होते. बाबांचा शब्द मोडवला नाही. चारची गाडी चुकली असती. दादा असं कधी वागणार नाही. यातलं काही खोटं नाही, पण खरं कारण वेगळं आहे आणि ते मी कुणाशी बोलले नाही. दादा नववीत असताना तू आणि बाबा रात्री बोलत होता, एकाचंच शिक्षण होईल. मी झोपेचं सोंग घेतलं होतं. दुसऱ्या आठवड्यात दादा गॅरेजात जायला लागला. मला शाळेत सोडायला यायचा तेव्हा त्याची नखं काळी असायची, आणि मी मैत्रिणींसमोर त्याचा हात धरायचे नाही. मी बीए झाले त्या दिवशी पेढे त्यानेच वाटले. तेव्हापासून त्याचं काहीतरी माझ्याकडे राहिलंय असं मला वाटत आलं. कचेरीत ते चुकतं करायची संधी मिळाली, आणि मी ते तुझ्या घरातून चुकतं केलं. माझ्या स्वतःच्या खिशातून जायचं होतं तेव्हा मी कधी घाई केली नव्हती.

शनिवारी तुला एक गोष्ट विचारायची राहिली. आठच टाचण्या झाल्या हे तुला तिथेच कळलं होतं, तर अंगठा का दिलास? विचारलं असतं तर मी कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून गप्प बसले. पण घरी येऊन विचार केला आणि मला वाटतं मला उत्तर कळलं. तू तिथे बोलली असतीस तर त्या कारकुनासमोर, चार माणसांत मी खोटी ठरले असते. आमची बीए म्हणून तू सगळ्या गल्लीत मिरवतेस, ती. तू मला वाचवलंस आणि मग सात महिने वाट पाहिलीस, की ही आपण होऊन सांगेल. आणि मी शनिवारी तुझ्या तोंडावर पुन्हा खोटं बोलले.

सोमवारी केंद्रात गेले. पहिलाच फोन एका बाईंचा होता. मुलगा कागद आणतो आणि म्हणतो, सही कर, वाचायला वेळ नाही. मी म्हटलं, "विश्वासातल्या माणसाकडून..." आणि फोन कानापासून दूर धरला. शिरस्तेदारांनी माझ्या हातातून फोन घेतला. बाईंशी बोलून झाल्यावर म्हणाले, "काय झालंय?"

मी सांगितलं. सगळं, तुला वर सांगितलं तसं. चहा गार झाला तरी ते ओरडले नाहीत. मग म्हणाले, "उठ. या टेबलाच्या त्या बाजूला बस."

ती तक्रारदारांची खुर्ची आहे. मी उठून तिथे बसले. मी वही ओढली तर त्यांनी ती काढून घेतली. "आज तू लिहायचं नाही. आज तू बोलणार आणि मी लिहिणार. वय सांग. नातं सांग. काय वाचलं, काय वाचलं नाही, कुणाच्या सांगण्यावरून."

लिहून झाल्यावर त्यांनी मला समजावलं. असा कागद रद्द होऊ शकतो. त्याआधी विक्री तात्पुरती थांबवता येते, पण त्यासाठी तुझा अर्ज प्रांताच्या कचेरीत महिनाअखेरच्या आत पडायला हवा. ते म्हणाले, "तो कागद उभा आहे तुझ्या सहीवर. बाईला वाचून दाखवलं, असं ती सही म्हणते. सही करणारीच म्हणाली की मी वाचलं नाही, तर कागद डळमळतो. दुसरा पुरावा नाही. चिंधीतल्या टाचण्यांना कोर्ट विचारत नाही."

"आणि माझं काय होईल?"

"तुझ्यावर येणारच. किती येईल ते आज सांगता येत नाही. खोटं सांगून तुला धीर देऊ का?"

मी नको म्हटलं.

मोठ्या मॅडमना त्याच दुपारी सांगितलं. म्हणाल्या, "उद्यापासून फोनच्या टेबलावर बसू नकोस. पुढचं मी नंतर ठरवेन." मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाल्या, "तुझ्या आत्याच्या घराचा पत्ता लिहून ठेवून जा." सध्या मी फायली लावते. शिरस्तेदार माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात, म्हणजे चहावरून ओरडतात.

मी काय करते आहे ते बाबांना कळवणं मला भाग वाटलं. काल दादाच्या दुकानात फोन केला. आधी नुसता खोकला ऐकू आला. मग म्हणाले, "वाचलं कुणी? तू. सही कुणाची? तुझी. मी तर बाकावर बसलो होतो."

"बाबा, बाकावर तुम्ही मला काय सांगितलंत?"

"मला आठवत नाही." मग आवाज उतरला. "दुकान चालत नाहीये गं. जामीनदार मी आहे. घर विकलं नाही तर बँक मला धरेल. तिकडे बहीण, इकडे मुलगा, आता तूही. मी कुठल्या दारातून बाहेर पडू, सांग."

तुझा धाकटा भाऊ आहे तो, त्याला तू अंगाखांद्यावर खेळवलंस. तो वाईट माणूस नाही, असं तू मला नक्की सांगशील. दादाही नाही, असं मी तुला सांगेन. कुणीच वाईट नाही आणि तू कडीच्या आत आहेस.

आता सोबतचा कागद. हा तुझा अर्ज आहे, शिरस्तेदारांच्या हातचा, ठळक अक्षरात. यात पाच मुद्दे आहेत. कागद रद्द व्हावा. विक्री थांबवावी. तुझा फोन आणि पासबुक तुला परत मिळावं. तुला तुझ्या घरात राहू द्यावं. आणि ज्यांनी फसवलं त्यांची नावं. तिथे तीन नावं आहेत. दादाचं, बाबांचं, माझं. काकू, हा अर्ज तिला तुम्ही वाचून दाखवा, आणि तुमच्या यजमानांकडूनही वाचून घ्या, वेगवेगळा. मी तिथे येऊन वाचणार नाही. आत्या, या घराच्या बाबतीत माझ्या वाचण्यावर तू पुन्हा विसंबू नकोस.

येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता मोठ्या मॅडम तुझ्या दारात येतील. त्यांच्याबरोबर एक महिला हवालदार असेल. कडी बाहेरून आहे, त्यामुळे ती त्यांना काढता येईल. त्या तुला विचारतील, अर्ज द्यायला यायचंय का? तुझ्या मनाने उत्तर दे. नाही म्हणालीस तर त्या जबरदस्ती करणार नाहीत, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

मला तुझ्या एकाच गोष्टीची भीती वाटते. मी तुला ओळखते. तू मॅडमना म्हणशील, पोरीचं नाव खोडा, मग अंगठा देते. तुझा आवाज आत्ताही माझ्या कानात आहे. तसं करू नकोस. माझं नाव खोडलं तर माझ्या जबाबाला अर्थ उरत नाही, आणि माझ्या जबाबाशिवाय त्या अर्जात काही जीव नाही. मला सोडवलंस तर तू अडकशील. तुझं घर वाचलं तर मी अडकेन. दोघी एकदम सुटू असा रस्ता मी खूप शोधला, शिरस्तेदारांनाही विचारला. नाही सापडला. तेव्हा यावेळी तू बाहेर पड.

तू अंगठा दिलास किंवा नाही दिलास, माझा जबाब मी देणार आहे. सोमवारी अकरा वाजता मी प्रांताच्या कचेरीच्या दारात असेन. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. तू पुढे जा, मी मागून येईन.

या पत्राच्या वर मी नमस्कार लिहिलेला नाही, तो विसरून राहिलेला नाही. कागदावर लिहायला आता मन होत नाही. समोर उभं राहू दिलंस तर तिथे करीन.

तुझी भाची